सिद्रा कॉलेजची मोठी वही

आमचे हे उभ्या जन्मात एकदाच धडधडीत खोटं बोलले, आणि तेही माझ्यापायी. मस्कतजवळ सीबला राहायला आल्यापासून इथल्या मराठी मंडळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली ह्यांच्याकडेच असते. "गणपतरावांसारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही," असं जो तो म्हणतो. मी ऐकते नि चहाचे कप आवरायला उठते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, माहेरी मला फटाकडी म्हणायचे. पण ह्या एका बाबतीत इतकी वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं. आता काढते. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे राजापूरकडचे. बारावी आणि इंग्रजी टायपिंगच्या दोन परीक्षा, एवढंच शिक्षण. दोन हजार चार साली ओमानला आले ते सोहारला, बंदराजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. दोन वर्षं सळ्या नि नटबोल्ट मोजले. मग कोणीतरी सांगितलं की इब्र्याला नवीन कॉलेज निघतंय, ऑफिसात हाताने नीट लिहिणारा माणूस हवाय. हे गेले. कॉलेजचे मालक सत्तरीचे होते, सगळे त्यांना बडे शेख म्हणायचे. त्यांनी ह्यांची सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. दहा नावं सांगितली, लिहायला लावली, कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "यल्ला, उद्यापासून ये."

कॉलेजचं नाव सिद्रा. सिदर म्हणजे आपलं बोरीचं झाड. फाटकाशी एक जुनी बोर होती, तिच्यावरून ठेवलं. बडे शेख जन्मले झांझिबारला, आजोबांचा तिथे लवंगांचा व्यापार होता. तरुणपणी ओमानला परत आले, चार पैसे मिळवले, आणि म्हातारपणी त्यांनी काय काढावं? तर इब्र्यासारख्या गावात इतिहास, तत्त्वज्ञान आणि वाङ्मय शिकवायचं कॉलेज! इंजिनिअरिंग नाही, कॉम्प्युटर नाही. लोक तोंडावर हसले. ह्यांनीही मला गावी फोन करून सांगितलं होतं, "प्रमिला, हे काही चालायचं नाही. मी दुसरीकडे बघून ठेवतो." पण चाललं. मुलगे कमी, मुलीच जास्त. आसपासच्या गावांतल्या मुली, ज्यांचे बाप त्यांना मस्कतला हॉस्टेलात ठेवायला तयार नव्हते. पहिल्या वर्षी एकेचाळीस जण. सगळ्यांत भरभराटीच्या वर्षी दोनशे बारा. त्याच्या वर कॉलेज कधी गेलं नाही.

मी दोन हजार आठ साली प्रणालीला घेऊन आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. संध्याकाळी आम्ही दोघी ह्यांना आणायला कॉलेजवर जायचो. बोरीखाली मुली गोल करून बसलेल्या असायच्या, एक जण मोठ्याने काहीतरी वाचायची आणि बाकीच्या तिच्याशी भांडायच्या. मला अक्षर कळायचं नाही, पण भांडण कळायचं. मी ह्यांना विचारायची, "कशावरून पेटल्यात?" हे म्हणायचे, "देव आहे की नाही, न्याय म्हणजे काय, असलं काहीतरी." मी म्हणायची, "घरची कामं संपली वाटतं ह्यांची!" खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. मी नववीला शाळा सोडली.

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. बड्या शेखांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. प्रत्येक सत्राचा निकाल आधी एका मोठ्या वहीत हाताने लिहायचा, शिकवणाऱ्याने समोर सही करायची, मग तो कॉम्प्युटरमध्ये जायचा. वही हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, पोळपाटाहून रुंद. ती लिहायचे फक्त आमचे हे. तेरा वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नाही. एकदा वही टेबलावरून खाली पडली आणि ह्यांचा पाय लागला. ह्यांनी चटकन वाकून वहीला हात लावला नि तो कपाळाला लावला. बडे शेख दारात उभे होते. त्यांनी विचारलं, हे काय? ह्यांनी सांगितलं की आमच्यात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर वह्यापुस्तकांची पूजाच मांडतात. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "मग वर्षातून एक दिवस ही वही घरी ने. जो वहीपुढे वाकतो त्याच्याकडे ती एक दिवस राहिली तर काही बिघडत नाही."

तेव्हापासून दर वर्षी खंडेनवमीला मोठी वही आमच्या पाटावर यायची. तिच्या शेजारी ह्यांचं पेन, प्रणालीची पुस्तकं, माझी विळी, सुरी. मी मस्कतहून झेंडू मागवायची. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडायचं, हळद-कुंकू, अक्षता वाहायच्या, आणि पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही. आमच्याकडे त्या दिवशी विळीसुद्धा उचलत नाहीत, चिरायचं ते आदल्या दिवशीच चिरून ठेवायचं. दसऱ्याला सकाळी वही पुसून, कापडात बांधून हे परत न्यायचे. अकरा वर्षं हे असं सुरळीत चाललं.

दरम्यान कॉलेजला उतरती कळा लागली. मुली म्हणायला लागल्या, तत्त्वज्ञान शिकून नोकरी कुठे मिळते? ज्या परदेशी विद्यापीठाशी करार होता त्याने तो संपवला. बडे शेख दोन हजार सतरात गेले. त्यांच्या मुलाला कॉलेज म्हणजे गळ्यातली धोंड होती. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात पन्नास-पंचावन्न विद्यार्थी उरले आणि कॉलेज ऑक्टोबरअखेर बंद होणार असं ठरलं. एक सरकारी समिती येऊन सगळे कागद ताब्यात घेणार होती. कॉलेजचे डीन डॉ. झुबेर, तेही झांझिबारकडचे, भला माणूस पण घाबरट. ते म्हणाले, समितीला अजून तीन आठवडे आहेत. म्हणून हे नेहमीसारखी वही घरी घेऊन आले.

सोमवारी खंडेनवमी होती. सकाळी सातला मी पूजा केली, हे कामावर गेले. साडेअकराला हे घामाघूम होऊन दारात. "प्रमिला, समिती आजच आली. वही दे."

मी पाटासमोर उभी राहिले. "पूजेतली वही? आज?"

"माणसं थांबलीयत तिकडे."

"थांबू देत. उद्या सकाळी उत्तरपूजा करते नि स्वतः बांधून देते. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय का? पोरीचं बारावीचं वर्ष आहे, मला अपशकुन नको."

हे मला बाजूला सारू शकले असते. माझं वजन ते काय! त्यांनी हात पुढे केला, वहीपर्यंत नेला, आणि मागे घेतला. कारण त्यांच्याही मनात तेच होतं. अकरा वर्षं जे पाळलं ते त्या दिवशी मोडायला त्यांचाही हात धजेना. मग त्यांनी झुबेर साहेबांना फोन केला, "सर, वही घरी आहे. उद्या सकाळी आठला आणतो, इन्शाल्ला." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. फोन ठेवून हे खुर्चीवर बसले आणि मी त्यांना पाणी दिलं. मला वाटलं, मिटलं.

मंगळवारी दसरा. आठला हे वही बांधून कॉलेजच्या फाटकाशी पोचले तर फाटकाला साखळी आणि लाल सील. झुबेर साहेब बाहेर त्यांच्या गाडीत बसले होते. म्हणाले, "गणपत, समितीने काल माझ्याकडे एकेक वस्तू मागितली. वही कुठे आहे, असं विचारलं. कारकुनाच्या घरी पूजेला बसवली आहे, असं सांगू? माझी नोकरी, माझी पेन्शन गेली असती. मी लिहून दिलं की हाताने लिहायची वही दोन हजार पंधरापासून बंद आहे. आता तू ती आणलीस तर मी खोटारडा आणि तू चोर. ती कुठेतरी ठेवून दे. खलास."

हे वही घेऊन परत आले. मी ती जुन्या पिवळ्या साडीत गुंडाळली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांमागे सारली.

आता तुम्ही म्हणाल, तेरा वर्षांचे निकाल कॉम्प्युटरमध्ये होतेच की. होते. फक्त एका सत्राचे नव्हते. कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या कंपनीशी करार त्या मे महिन्यातच संपला होता. म्हणून दोन हजार एकोणीसच्या उन्हाळी सत्राचे मार्क फक्त वहीत होते. अकरा जण. त्यांतल्या दहा जणांचं शिक्षण अजून चालूच होतं, ते दुसऱ्या कॉलेजांत गेले आणि बुडालेले विषय तिथे पुन्हा बसले. अकरावी कुबरा. तिचे ते शेवटचे दोन विषय होते. ते झाले की ती पदवीधर, आणि ते झालेच नाहीत असं आता कागदावर होतं.

कुबराला मी ओळखत होते. तिची आई इब्र्याच्या बुधवारच्या बायकांच्या बाजारात कापड आणि अत्तरं विकायची. तो बाजार फक्त बायकांचा, आत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. मी तिच्याकडून परकर-पोलक्याचं कापड घ्यायची. बोरीखाली सगळ्यांत मोठ्याने भांडणारी मुलगी ती हीच. टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेलं हिंदी फाडफाड बोलायची. ह्यांना उस्ताद म्हणायची, मला खाला. घराण्यात कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. तिच्या गावच्या मुलींच्या शाळेत इतिहासाच्या शिक्षिकेची जागा तिला कबूल झाली होती, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पदवीचा कागद दाखवायचा एवढीच अट.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा आमच्या घरी आली. भाऊ गाडीत बसला होता. हातात खजुराचा डबा. म्हणाली, "उस्ताद, समिती म्हणते मी ते दोन पेपर दिल्याची नोंदच नाही. दुसरं कॉलेज म्हणतं, निम्मी पदवी आमच्याकडे पुन्हा करा तर घेऊ. म्हणजे दोन वर्षं. आमच्या घरून कोणी दोन वर्षं सोडणार नाही. तुम्ही माझे मार्क लिहिलेत. मी समोर उभी होते. तुम्ही मला मबरूक म्हणालात, अभिनंदन केलंत. ती वही कुठे आहे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चहा ओतत होते. मी मान हलवली. अशी, थोडीशी.

"मला माहीत नाही," हे म्हणाले.

ते खोटं हेच. तीन शब्द. ती जिथे बसली होती तिथून स्वयंपाकघर आठ पावलांवर. मी तिला गरम पुऱ्या नि बटाट्याची भाजी खायला घातली. जाताना ती म्हणाली, "एकतीस मार्चपर्यंत हरकत घेता येते. कुठे सापडली तर सांगा."

ती गेल्यावर हे म्हणाले, "उद्या नेऊन देतो." मग मी जे काही बोलले! आठवलं तरी आता अंगावर शहारे येतात. म्हटलं, चोरीची केस झाली तर? इथला तुरुंग बघायचाय का? पासपोर्ट जप्त झाला, मायदेशी हाकललं तर पोरीची बारावीची परीक्षा कुठे द्यायची? तुम्हाला परक्याच्या पोरीचं पडलंय, घरची दिसत नाही? हे म्हणाले, "झुबेर साहेबांना विचारून बघू." पण झुबेर साहेब तोवर झांझिबारला निघून गेले होते आणि फोन उचलत नव्हते. कायदा काय म्हणतो ते आम्ही कोणालाच विचारलं नाही. विचारलं तर कळेल ना आमच्याकडे वही आहे म्हणून! म्हणजे आमच्या भीतीला आम्हीच वकील आणि आम्हीच न्यायाधीश.

डिसेंबरात ती पुन्हा आली. ह्या वेळी तिने जास्त विचारलं नाही. कॉलेज बंद झाल्यावर हे एका टाइल्सच्या दुकानात लागले होते, त्याची चौकशी केली, प्रणालीच्या अभ्यासाची केली. प्रणालीला इतिहास कळत नव्हता, तर तिला बसून एक धडा समजावून दिला, इंग्रजीत. तासभर. मी दारातून बघत होते. मास्तरीण म्हणून जन्मालाच आली होती ती मुलगी. प्रणाली नंतर मला तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, शी इज सो गुड. आपल्या शाळेत ती का नाही... शिकवत?" मी म्हटलं, "जा, दूध पी."

जानेवारीत तिसऱ्यांदा आली ती उभ्या उभ्याच. चेहरा उतरलेला. "उस्ताद, समितीतला माणूस म्हणाला, कदाचित तुम्ही परीक्षेला बसलाच नसाल, तुमचा गैरसमज असेल. वर्गातल्या मुलींना विचारलं तर त्या म्हणतात, आम्हाला आमचं आठवतंय, तुझं नाही. उस्ताद, मी बसले होते ना?"

हे म्हणाले, "बसली होतीस." आणि ते आत निघून गेले. मोरीत नळ सोडून उभे राहिले होते. मी तिला दारापर्यंत सोडलं.

त्या दिवशी हे माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. शेवटी आमच्यात ठरलं असं: प्रणालीचा शेवटचा पेपर अठ्ठावीस मार्चला. पेपर संपला की दुसऱ्या दिवशी, एकोणतीसला, वही समितीकडे. मुदत एकतीसची. मी म्हटलं, दोन दिवस हातात राहतात, पुष्कळ झाले. मी देवापुढे शब्दही दिला. हे कॅलेंडरवर रोज एक दिवस पेनाने खोडायचे.

मार्चच्या मध्यावर कोरोना आला आणि सगळं बंद. ऑफिसं बंद, रस्त्यांवर पोलिसांची नाकाबंदी. आणि ज्या पेपरांसाठी आम्ही थांबलो होतो ते उरलेले पेपर? रद्द! प्रणालीला झालेल्या पेपरांवरच मार्क दिले. एकतीस मार्चला हे दिवसभर खिडकीशी बसून होते. जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. मला म्हणायचं होतं, "चुकलं माझं." म्हणाले मात्र, "आता कोणाच्या हातात काय होतं?" अशी मी.

सरकारी ऑफिसात पुन्हा माणसं आत घ्यायला लागले तेव्हा नोव्हेंबर उजाडला. ह्यांनी मला विचारलंही नाही. सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, वही पिवळ्या साडीतून काढली आणि निघाले. मीही चप्पल घातली. तिथे एक तरुण ओमानी बाई बसल्या होत्या, बोलायला फार मृदू. समिती म्हणे जूनमध्येच संपली होती, त्या फक्त उरलेली कामं बघत होत्या. ह्यांनी सगळं सांगितलं. पूजा, पाट, उत्तरपूजा, झुबेर साहेब, पिठाचे डबे. काहीही लपवलं नाही. बाईंनी वही उघडली. शेवटच्या पानावर माझ्या बोटाचं ओलं कुंकू लागलेलं, ते वाळून कागदात मुरलं होतं, दोन सह्यांवर पसरलं होतं.

"हे लाल काय आहे?"

"आम्ही वाहतो," हे म्हणाले. "मान म्हणून."

बाईंनी वही हळूच मिटली. मग म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मी ही घेऊ शकत नाही. तुमच्या डीननी लिहून दिलंय की अशी वही नाही. मुदत संपली. आणि ही वर्षभर एका घरात होती, कोणी काय लिहिलं असेल कोण सांगणार?"

ह्यांनी विचारलं, "माझ्यावर केस होईल?"

"कसली केस? जी वही अस्तित्वातच नाही असं आमच्याकडे लिहिलंय, ती तुम्ही चोरली असं मी कसं म्हणू? घरी जा."

हे उठले. दारापर्यंत गेले, परत फिरले. "मॅडम, मार्चच्या आधी आणली असती तर?"

"मार्चच्या आधी?" बाई म्हणाल्या. "तुमचा जबाब घेतला असता आणि पावती दिली असती. त्यात काय?"

त्यात काय! माझ्या कानात ते दोन शब्द अजून घुमतात. ज्या तुरुंगाला मी पाच महिने घाबरले, ज्याच्यासाठी ह्यांना खोटं बोलायला लावलं, तो तुरुंग नव्हताच कुठे. मीच तो माझ्या डोक्यात बांधला होता आणि त्यात त्या पोरीला कोंडलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, आम्ही तर बैल स्वतःच्या हाताने सोडला.

शाळेतली जागा सप्टेंबरातच निझव्याच्या कोणा मुलीला दिली होती. हे आम्हाला नंतर कळलं. पण कुबराला सांगायला तर हवंच होतं. हे म्हणाले, "मी सांगतो." पण ती घरी भेटेना. आई आजारी म्हणून आता तीच बुधवारच्या बाजारात आईच्या जागी बसते, असं शेजारणीने सांगितलं. आणि तिथे ह्यांना जाता येत नाही. म्हणजे जायचं मलाच. कोणाची करणी कोणी भरायची ते बरोबर जुळून आलं होतं.

बाजार पुन्हा भरायला लागला होता. ह्यांनी गाडी बाहेर लावली, वही एका कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "सगळं सांग," म्हणाले. "माझं नाव वाचवू नकोस."

कुबरा अत्तराच्या बाटल्या पुसत बसली होती. मला बघून हसली. "खाला! किती दिवसांनी!" मी समोर चटईवर बसले आणि पिशवीतून वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने पुठ्ठा बघितला आणि हसू गेलं. काही न विचारता तिने शेवटचं पान उघडलं. बोट खाली खाली नेलं. स्वतःचं नाव सापडलं तिथे थांबलं. दोन्ही विषयांचे मार्क तिने मोठ्याने वाचले, मग परत वाचले.

"मी बसले होते," ती म्हणाली. "खाला, मला वाटायला लागलं होतं की मी परीक्षा दिलीच नाही. घरातले म्हणायचे, तू अभ्यास केला नसशील, लाजेने सांगत नसशील. मीही मग तेच म्हणायला लागले. कोणी विचारलं की सांगायची, नापास झाले."

मी तिला सगळं सांगितलं. हिंदीत, अडखळत. पूजेचं सांगितलं, मी पाटासमोर उभी राहिले तेही. ऑफिसातल्या बाई काय म्हणाल्या तेही. ती वहीकडेच बघत होती.

"मी तुमच्या घरी आले तेव्हा ही कुठे होती?"

"स्वयंपाकघरात. पिठाच्या डब्यांमागे."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"पुऱ्या तळल्या होत्यात तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागे सरकली. "नको, खाला. असं नको."

मग तिने वही मिटली, दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या पिशवीत परत घातली. "ही मला कशाला? आता कोणी मानणार नाही. तुमच्या देवाची आहे, तुमच्याकडेच ठेवा." तेवढ्यात एक बाई अत्तर बघायला आली. कुबरा तिच्याकडे वळली, हसून भाव सांगायला लागली. मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाला, गिऱ्हाइकांना जागा हवी."

बाहेर हे गाडीला टेकून उभे होते. भरलेली पिशवी बघून त्यांना कळलं. तरी विचारलं, "काय म्हणाली?"

मी त्यांना सांगितलं, "ती सगळ्यांना सांगत होती की मी नापास झाले."

हे गाडीत बसले. किल्ली लावली पण फिरवली नाही. वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी बुधवारच्या बाजाराच्या दारात, बायका पिशव्या घेऊन येत-जात होत्या, आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखे हुंदके देत होते. "पहिल्या वर्गात पास झाली होती गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.